एकाच निबंधातल्या पाच ‘लायनी’

चुनाभट्टीची लेक (धागाकर्ती)

मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यमात. मागच्या आठवड्यात वर्गात ‘माझे आजोबा’ हा निबंध होता. वही तपासून परत आली तेव्हा पानावर पाच लाल गोल, आणि पाचही गोलांत एकच शब्द. समासात बाईंनी लिहिलं होतं, ‘मराठी शब्द वापर.’

तिची वाक्यं जशीच्या तशी देते. ‘माझे आजोबा हार्बर लाइनला चुनाभट्टीत राहतात. ते लालबागच्या गिरणीत लाइन जॉबर होते. संपाच्या वेळी आजीला रेशनच्या लायनीत तासन् तास उभं राहावं लागे. मामाने आजोबांची लाइन धरली नाही, तो बँकेत लागला. माझ्या वाढदिवसाला आजोबा चार लायनी का होईना, स्वतःच्या हाताने लिहून देतात.’

बाईंवर माझा राग नाही. पन्नास वह्या तपासताना प्रत्येक पोरीच्या मराठीची काळजी करणारी बाई मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. आम्ही मायलेकी सुधारायला बसलो. रेशनची ‘रांग’ झाली. पत्रातल्या ‘ओळी’ झाल्या. मामाच्या वाक्यात ‘पेशा’ बसवला, तो जरा अवघडूनच बसला. ‘हार्बर मार्ग’ पेपरात वाचलेला होता, पण ‘बाबा हार्बर मार्गाला राहतात’ असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलेलं नाही. आणि लाइन जॉबरपाशी पेन्सिल अडली ती अडलीच.

मग लेकीने विचारलं, “आई, रांग, ओळ, मार्ग, पेशा, यातलं एकही दुसऱ्यासारखं नाही. मग लाइन म्हणजे नक्की काय गं?”

मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

---

जुनी पाटी

ताई, लेकीला सांगा, लाइन म्हणजे दोरा.

लॅटिनमध्ये अळशीच्या झाडाला ‘लिनुम’ म्हणतात. त्याच्या खोडातून निघणाऱ्या वाखाचं सूत ते ‘लिनेआ’. हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी पोचला. एकदा फार पूर्वी, जुन्या जर्मानिक भाषांमधून, दोर या अर्थाने. पुन्हा एकदा फ्रेंचांकडून, रेघ आणि ओळ या अर्थाने. दोन्ही वाटा इंग्रजीत येऊन मिळाल्या आणि एकच शब्द झाला.

जुना दोरा इंग्रजीत अजून शिल्लक आहे. कपडे वाळत घालायची दोरी ती ‘क्लोदलाइन’. गळाची दोरी ती ‘फिशिंग लाइन’. तिथून पुढे सगळं हाताने करून बघता येईल असं आहे. दोरी ताणली की सरळ रेघ दिसते. दोरीत ओवल्यासारखी माणसं एकामागे एक उभी राहिली की रांग होते. कागदावर रेघ आखून तिच्यावर अक्षरं मांडली की ओळ होते. दोन गावांमध्ये लोखंड अंथरलं की रेल्वेची लाइन. बापाने धरलेला धंद्याचा धागा पोराने पुढे धरला, तर तीही लाइनच. मुलीच्या पाचही वाक्यांत तो एकच दोरा आहे.

आपल्या लोकलला सगळे मुंबईची लाइफलाइन म्हणतात. मूळची लाइफलाइन म्हणजे बुडणाऱ्याकडे जहाजावरून फेकायचा दोर. आपली आजी कुणी अपघातातून वाचला की म्हणायची, ‘आयुष्याची दोरी बळकट.’ तिने इंग्रजीचा एक शब्द वाचला नव्हता, पण चित्र तेच.

---

रातराणी

वाचनखूण साठवली. ‘लिनन’ची साडी म्हणतो तो शब्दही यातलाच का?

---

जुनी पाटी

हो. लिनन म्हणजे अळशीच्या सुताचं कापड. लिन्सीड म्हणजे अळशीचं बी. फ्रेंचांचा ‘लाँजरी’ हा शब्दही कापडावरूनच, त्यांच्याकडे ‘लँज’ म्हणजे सुती-लिननचे कपडे. लिनोलियम म्हणून जमिनीवर अंथरायचं असतं, त्यात ‘लिनुम’ आणि ‘ओलेउम’, म्हणजे अळशी आणि तेल. जे.जे.त शिकलेल्यांनी लिनोकट कोरलेलं असेल, तो याच लिनोलियमच्या तुकड्यावर.

---

वऱ्हाडातून डोंबिवली

अळशी म्हणजे आमचं जवस! आमच्या घरी चटणीच्या बरणीत जो शब्द आहे तोच स्टेशनवर ऐकू येतो, हे आज कळलं.

आमच्या भागात जवस पेरतात ते तेलासाठी आणि चटणीसाठी. दोराला आमच्याकडे अंबाडी. पण ज्यांनी अंबाडी बघितली आहे त्यांना लिननचा धागा कसा निघतो ते लगेच समजेल, कारण रीत तीच. काड्या उपटून जुड्या बांधायच्या आणि पाण्यात कुजत घालायच्या. आठ-पंधरा दिवसांनी वास सुटतो, साल मऊ पडते. मग काडीच्या बुडाशी साल सोडवून वर ओढली की वाख लांबच्या लांब सुटून हातात येतो, आणि आतली पांढरी सणकाडी नुसती उरते. लहानपणी मी नदीकाठी गुडघाभर पाण्यात उभा राहून हे केलं आहे. हाताला तो वास दोन दिवस राहायचा.

जवसाचं फूल कुणी पाहिलं नसेल तर जरूर पाहा. सकाळी शेत निळं असतं आणि दुपार कलली की पाकळ्या खाली. संस्कृतात त्याला अतसी म्हणतात, अळशी हा शब्द त्याचाच. विष्णूच्या स्तोत्रात ‘अतसीपुष्पसंकाशं’ येतं, तो रंग हा.

---

पाचवा मजला

शास्त्रीय नाव लायनम युसिटॅटिसिमम. लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने दिलेलं, १७५३ साली. त्याचं स्वतःचं आडनावही या झाडावरूनच असावं.

---

जुनी पाटी

@पाचवा मजला, शास्त्रीय नाव बरोबर. दुसऱ्या अर्ध्या भागाचा अर्थ ‘सगळ्यांत उपयोगी’. आडनाव मात्र वेगळं. लिनियसच्या घराण्याने ते लिंडेन नावाच्या मोठ्या झाडावरून घेतलं होतं, स्वीडिशमध्ये ‘लिंड’. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात म्हणून गोंधळ होतो.

---

रंधा

मी सुताराच्या घरातला. हा धागा दोनदा वाचला, कारण आमच्या कामात ही गोष्ट रोज घडते.

वडील फळीवर रेघ ओढायला पट्टी घ्यायचे नाहीत, दोरी घ्यायचे. सुती दोरी कावेत बुडवलेली, लाल. एक टोक मी फळीच्या काठावर अंगठ्याने दाबून धरायचं, दुसरं टोक त्यांच्याकडे. दोरी ताणली की ते मध्यावर चिमटीत धरून वर उचलायचे आणि सोडायचे. टप्प असा आवाज. दोरी उचलली की खाली लाकडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल रेघ, केसाएवढी. बारा फुटांची फळी असली तरी रेघ वाकडी जात नाही. माझा अंगठा हलला तर मात्र फळी पुसून पुन्हा.

आता शब्द बघा. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ वरून आला. सूत्र धरणारा, म्हणजे दोरी धरणारा. लॅटिनवाल्यांनी अळशीचा दोरा ताणून रेघ काढली आणि रेघेलाच दोऱ्याचं नाव दिलं. आपल्याकडे दोरा ताणणाऱ्या माणसाला ते नाव मिळालं. इंचाच्या आठव्या भागाला आम्ही अजून ‘सूत’ म्हणतो. हार्डवेअरच्या दुकानात चार सुती पाइप मागितला की अर्ध्या इंचाचा मिळतो.

संस्कृतात शास्त्राच्या बांधीव वाक्याला सूत्र म्हणतात. म्हणजे दोरा, माप आणि शब्द ही वाट आपलं सूत आधीच चालून आलेलं आहे. लाइन मुंबईत उतरली तेव्हा तिचं नात्यातलं माणूस इथे आधीपासून राहत होतं.

---

ओळंबा

@रंधा, मनापासून धन्यवाद. मी बांधकामावर असतो. आमचे गवंडी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी बांधतात आणि तिच्या कडेने वीट लावत जातात. तिला ते ‘लाइनदोरी’ म्हणतात. उभं माप बघायला ओळंबा आणि आडवं बघायला लाइनदोरी. आज कळतंय की लाइन म्हणजेही दोरी, म्हणजे दोरीदोरी झाली.

---

रातराणी

पावरोटीसारखं! पाव पोर्तुगीज, रोटी आपली, दोन्हीचा अर्थ तोच.

---

कातर आणि इंचपट्टी

दादरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आमच्याकडे ‘लायनिंग’ दोन प्रकारचं चालतं. एक बाई म्हणते, “ब्लाउजला लायनिंग लावा,” म्हणजे अस्तर. दुसरी म्हणते, “मला लायनिंगचा कपडा दाखवा,” म्हणजे उभ्या पट्ट्यांचा. नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या आठवड्यात इथेच चुकते. अस्तराचा आणि पट्ट्यांचा काय संबंध, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

---

जुनी पाटी

अस्तरातलं लायनिंगही त्याच झाडाचं. कोटाला आतून लिननचं कापड लावत, म्हणून तसं लावणं म्हणजे ‘टू लाइन’. पट्ट्या म्हणजे रेघा, त्या ताणलेल्या दोऱ्यावरून. एक अर्थ कापडाच्या बाजूने आला, दुसरा दोऱ्याच्या बाजूने, आणि तुमच्या गल्ल्यासमोर दोघांची गाठ पडली.

---

लेगस्टंप

थोडं अवांतर, पण सोडवत नाही. शिवाजी पार्कला नवीन बॅट घेतली की आधी तिला लिन्सीड ऑइल लावायचं, मग जुन्या चेंडूने ठोकायची. तेल बोटांवर घेऊन पातळ चोळायचं, बॅट आडवी ठेवून रात्रभर मुरू द्यायची. खोलीभर तो वास. तेल लावून झालं की मैदानात कोच ओरडणार, “लाइन बघ, लाइन!” म्हणजे चेंडूची दिशा. मराठी समालोचनात लाइन आणि लेंग्थला ‘दिशा आणि टप्पा’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द इतके नेमके आहेत की मला इंग्रजीपेक्षा आवडतात. बॅटला चोळलेलं तेल आणि कोचची लाइन एकाच झाडाची निघाली!

---

आडगाडी

मी रेल्वेत होतो, आता निवृत्त. हार्बर लाइनबद्दल लेकीला अभिमानाने सांगा. देशातली पहिली विजेवर धावणारी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती हार्बरवरूनच. गोदीच्या, म्हणजे बंदराच्या बाजूने जाते म्हणून हार्बर. तिच्या आजोबांचं चुनाभट्टी स्टेशन याच लाइनवर.

नोकरीची पहिली वर्षं मी मुंबईबाहेर सिंगल लाइनच्या स्टेशनवर काढली. तिथे ‘लाइन क्लिअर’ हे शब्द अक्षरशः हातात धरायचे असत. पुढच्या स्टेशनमास्तरला घंटेच्या खुणेने विचारायचं, गाडी पाठवू का? त्याने लाइन क्लिअर दिली की आमच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडे. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायची आणि चालत्या इंजिनाच्या ड्रायव्हरला द्यायची. मी हात वर करून कडं उंच धरून उभा राहायचो. ड्रायव्हर वाकून कोपरात कडं ओवून घ्यायचा. गोळा हातात असल्याशिवाय त्या टप्प्यात गाडी घालायची नाही. पुढचं स्टेशन तो गोळा आपल्या यंत्रात टाकेपर्यंत दुसरी गाडी सुटायची नाही. पावसाळ्यात रात्री कंदिलाच्या उजेडात हे करताना मनावर दडपण असे, कारण त्या एका गोळ्यावर दोन गाड्यांमधली माणसं अवलंबून होती.

आता लग्न ठरवताना लोक म्हणतात, “मुलीकडून लाइन क्लिअर आहे.” ते ऐकलं की मला तो गोळा आठवतो.

मुंबईत अप लाइन म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाणारी, डाउन म्हणजे तिकडून निघणारी. सरकारी मराठीत अलीकडे ‘मार्गिका’ आली आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा सगळ्या पेपरांत मार्गिकाच छापलं होतं. चांगला शब्द आहे, मला परका वाटत नाही.

---

पोलिसाची पोर

मी लाइनीत वाढले. पोलीस लाइन. आमच्यासाठी तो पत्ता होता. “कुठे राहतेस?” “लाइनीत.” एवढं पुरे व्हायचं. दोन्ही बाजूंना सारखी घरं, समोरासमोर दारं, मध्ये मोकळी जागा. कुणाच्या बाबांची रात्रपाळी असली की दिवसा तिथे कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

लष्कराच्या छावणीत तंबू आणि बराकी ओळीने असत, त्या वस्तीला ‘लाइन्स’ म्हणत, त्यावरून हे. मरीन लाइन्स स्टेशनचं नावही तिथूनच आलं. तिथे मरीन बटालियनची वस्ती होती, मरीन बटालियन लाइन्स. पलटण गेली, वस्ती गेली, स्टेशनच्या पाटीवर नाव राहिलं. मुंबईत नवीन आलेल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तिला वाटायचं समुद्राच्या काठच्या रेघेवरून नाव पडलं असेल.

---

रात्रपाळी उपसंपादक

पोलीस लाइनवरून आठवलं. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द ‘डेडलाइन’. डाक आवृत्तीची वेगळी, शहर आवृत्तीची वेगळी. तो शब्द कुठून आला हे मला कळलं तेव्हा दोन दिवस तो तोंडातून निघेना.

अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. आत, कुंपणापासून काही अंतरावर, गुडघ्याच्या वर येईल असा लाकडी कठडा होता. कैद्याने तो ओलांडला, नुसता हात जरी पलीकडे टाकला, तरी मचाणावरच्या पहारेकऱ्याने गोळी घालायची. त्या कठड्याचं नाव डेडलाइन. १८६४ची गोष्ट. त्या छावणीत सुमारे १३,००० कैदी भूक आणि रोगराईने मेले. युद्ध संपल्यावर छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याला फाशी झाली.

वेळेची मर्यादा हा अर्थ पुढे विसाव्या शतकात अमेरिकी वर्तमानपत्रांत रुळला. आमच्याकडे लक्ष्मणरेषा हा शब्द आहे. ती ओलांडल्यावर काय होतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. मराठीत डेडलाइनला मी ‘शेवटची वेळ’ म्हणतो. साधा शब्द आहे, आणि त्यात रक्त नाही.

---

पंगत

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. पण मी बाईंच्या बाजूने आहे, आणि का ते नीट सांगते, कारण इथे सगळे लाइनच्या प्रेमात पडलेले दिसतात.

लाइनचा दोरा सुंदर आहे. पण आपल्याकडे या एका शब्दाच्या जागी किती शब्द आहेत ते मोजा. मुंग्यांची रांग. जेवणाऱ्यांची पंगत. दिव्यांची ओळ, आणि ओळ म्हणजे ‘आवली’, जी दीपावलीत आहे. वारकऱ्यांची दिंडी. उंटांचा तांडा. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. नांगर शेतात एक फेरी मारतो ते तास. केसांच्या मधोमध जाते तो भांग. तळहातावर असते ती रेषा, पाटीवर ओढतो ती रेघ. यातला प्रत्येक शब्द एकेक दृश्य घेऊन येतो. पंगत म्हटलं की पत्रावळ दिसते, वाढपी दिसतो, ‘सावकाश होऊ द्या’ ऐकू येतं. जेवायची लाइन म्हटलं की हातात प्लेट घेऊन उभं राहणं दिसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण वेगळ्या आहेत.

माझ्या भाच्याला तास म्हणजे फक्त साठ मिनिटं माहीत आहेत. त्याचे पणजोबा शेतकरी होते. लाइनने हे शब्द मारले असं मी म्हणत नाही, शेती सुटली म्हणून तो शब्द सुटला. पण जे शब्द अजून हाताशी आहेत ते मुलांच्या हातात ठेवायला कुणीतरी लाल पेन घेऊन बसायला हवं. बाई ते करताहेत. मुलीने पाच ठिकाणी एकच शब्द लिहिला आणि बाईंनी तिला पाच शब्द शोधायला लावले. याहून चांगला मराठीचा तास कुठला?

---

चुनाभट्टीची लेक

@पंगत, हे मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘तास’वर ती थांबली आणि म्हणाली, मला बघायचंय.

---

नाम-सर्वनाम

@पंगत यांच्याशी बरंचसं सहमत. मी शाळेत व्याकरण शिकवतो. तरी एक गोष्ट लाइनच्या बाजूने नोंदवतो, कारण ती फार कमी लोकांच्या लक्षात येते.

मुलीने ‘लायनीत’ आणि ‘लायनी’ लिहिलं आहे. हे शब्द इंग्रजी माणसाला कळणार नाहीत. लाइनला मराठीने स्त्रीलिंग दिलं, कारण तिच्या जागी जे शब्द आधी होते, ओळ, रांग, रेघ, दोरी, ते सगळे स्त्रीलिंगी. ट्रेन स्त्रीलिंगी झाली ती गाडीमुळे, बोर्ड पुल्लिंगी झाला तो फळ्यामुळे. लिंग मिळाल्यावर तिने ओळीचं रूप घेतलं. ओळ, ओळीत, ओळी. लाइन, लायनीत, लायनी. मधला ‘इ’चा ‘य’ झाला तोसुद्धा मराठी जिभेच्या सोयीने. मग क्रियापद जोडलं. हाक मारणे, मिठी मारणे, शिट्टी मारणे, तसंच लाइन मारणे. ‘मारणे’ हे आमचं क्रियापद कुठल्याही नामाला कामाला लावतं. ‘लाइनवर आणणे’ म्हणजे वठणीवर आणणे, ‘लाइन लावणे’ म्हणजे वशिला लावून काम मार्गी लावणे. हे अर्थ इथे, या शहरात, आपण तिला दिले. बाहेरून आलेल्या सुनेने घरातलं बोलणं उचलावं तसं तिने आपलं व्याकरण उचललं आहे.

म्हणून वर्गात मी काय करतो? निबंधात वेगळा शब्द शोधायला लावतो, जसं बाईंनी केलं. पण ‘हे मराठी नाही’ असं लिहीत नाही. ‘इथे याहून नेमका शब्द सापडेल का?’ असं लिहितो.

---

पाचवा मजला

लाइन की लाईन?

---

नाम-सर्वनाम

छापील मराठीत दोन्ही दिसतात. शेवटून दुसरा इकार दीर्घ, या नियमाने लाईन. उच्चारात ‘आइ’ एका झटक्यात येतं म्हणून लाइन. मुलांना सांगतो, एक निवडा आणि पानभर तेच ठेवा.

---

आडगाडी

माझे वडील बेस्टच्या स्टॉपवर ‘क्यू’ म्हणायचे. “क्यू मोडू नकोस.” आता तो शब्द कानावरच येत नाही.

---

जुनी पाटी

क्यू फ्रेंचांकडून आला, तिथे त्याचा अर्थ शेपूट. इंग्लंडात क्यू चालतो, अमेरिकेत लाइन. मुंबईत आधी क्यू होता आणि नंतर लाइन जिंकली. मराठीत मात्र रांगेच्या टोकाला आपण अजून ‘रांगेचं शेपूट’ म्हणतोच की.

---

रंधा

@चुनाभट्टीची लेक, लाइन जॉबरचं काय ठरलं? वडिलांना विचारलंत का?

---

चुनाभट्टीची लेक

रविवारी चुनाभट्टीला गेलो. लेकीने बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला, दोन तास लागले. रंधांच्या दोरीपाशी आणि आडगाडींच्या गोळ्यापाशी त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं.

मग ते लाइन जॉबरबद्दल बोलले. साचेखात्यात साचे, म्हणजे कापड विणायचे माग, ओळीने मांडलेले असत, मध्ये चालायला चिंचोळी वाट. एकेका लाइन जॉबरकडे ठरलेले साचे. ते बिघडले की त्याने बघायचं. आडवा दोरा नेणारा धोटा नीट जात नाही, ताण्याचे, म्हणजे उभे, धागे एकसारखे तुटताहेत, मार बरोबर बसत नाही, अशा शंभर गोष्टी. आवाज इतका की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, सगळं खुणांवर. साचेवाल्याने हात वर केला की लाइन जॉबर वाटेने तिकडे. बाबा म्हणाले, साच्याकडे बघायच्या आधी मी पायाखाली बघायचो, तुटलेला दोरा कुठल्या बाजूला पडलाय त्यावरून निम्मं कळायचं. हे सांगताना त्यांचा हात हवेत दोरा पकडल्यासारखा चिमटीत होता. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, त्यानंतर ते त्या वाटेने पुन्हा चालले नाहीत.

सोमवारी मी बाईंना भेटले. त्यांनी पाचही वाक्यं माझ्यासमोर पुन्हा वाचली. ‘लाइन जॉबर’वरचा गोल त्यांनी स्वतः खोडला. म्हणाल्या, हे हुद्द्याचं नाव आहे, हे आजोबांचं आहे, ते बदलायचं नाही. हार्बर लाइनही ठेवायला सांगितली. बाकी तीन जागी रांग, पेशा आणि ओळी लिहायला सांगितलं, आणि निबंधात साचेखात्यातल्या त्या वाटेबद्दल लिही म्हणाल्या.

‘ओळी’वर लेक घरी येईपर्यंत रुसली होती. तिचं म्हणणं, आजोबा चार लायनीच देतात, मी खोटं का लिहू? मी तिला कपाटातून तिच्या गेल्या वाढदिवसाचं बाबांचं पत्र काढून दिलं. आखीव वहीचं फाडलेलं पान, निळी शाई. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काही न बोलता वहीत ‘लायनी’ खोडून ‘ओळी’ केलं.

पत्राची सुरुवात अशी आहे: ‘चि. सोनीस अनेक आशीर्वाद. डोळ्यांनी फार दिसत नाही, तरी चार ओळी लिहितो.’